साधंच पेट्रोल

१४ मार्च, गुरुवार, सकाळ

प्रिय धाकट्या,

तुझं कार्ड मंगळवारी मिळालं. आम्ही दोघं बरे आहोत, तुम्हीही बरे असाल असं धरून चालतो. तब्येतीचं तू काहीच लिहिलं नाहीस म्हणून मला घोर लागला होता. पण तुझी वहिनी म्हणाली, "अक्षर बघा किती ठणठणीत आहे. माणूसही ठणठणीतच असणार." तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

तिने ते कार्ड तीनदा वाचून दाखवलं. तीनदा वाचण्यासारखं त्यात आहे काय? "दादा, निवृत्त झालो. बाबांच्या मोटरसायकलसारखीच एक घेतली, त्याच सालची. तिच्यात कोणतं पेट्रोल घालू?" एवढंच. आई गेली तेव्हा तू आला होतास, तेव्हाही आपण खुर्च्या हलवण्यापुरतंच बोललो. एकतीस वर्षांत तू मला पहिल्यांदा काही विचारलंस, आणि ते पेट्रोल! पण खरं सांगतो, दिवसभर घरात पाहुणा आल्यासारखं वाटत होतं.

आधी मला सांग, तू तिला किक कशी मारतोस? ही जात उलटा झटका देते. गुडघा ताठ ठेवू नकोस, आणि पायात बूट असू देत. सपाता घालून किक मारायची तुझी जुनी खोड होती. ब्रेकचे पट्टे नवे घातलेस का? मागचा दिवा लागतो का? अठ्ठावन्न वय म्हणजे काही म्हातारपण नाही, पण हाडं आता पूर्वीसारखी जुळत नाहीत. माझी तर नाहीतच जुळत.

आपली गाडी चालते आहे. रविवारी तुझी वहिनी मागे बसते, मांडीवर पिशवी घेऊन, आणि आम्ही तळ्यापर्यंत जाऊन येतो. चाळीसच्या वर मी नेत नाही. ती मागून म्हणते, "उतरून चालू का? लवकर पोचेन." मजेत आहोत आम्ही.

आता पेट्रोल.

पंपावर जे आकडे लिहिलेले असतात त्यांना लोक ताकद समजतात. मीही समजायचो. सहावीत शाळा सोडलेल्या माणसाला मोठा आकडा दिसला की तो मोठाच वाटतो. पण तो आकडा ताकदीचा नाही. पेट्रोलला इंजिनात दाबलं की ते ठिणगीची वाट न बघता आपोआप पेटू बघतं. जास्त आकड्याचं पेट्रोल जास्त दाब सोसतं, इतकाच त्याचा अर्थ. नव्या गाड्या पेट्रोल फार दाबतात, त्यांना ते लागतं. आपली म्हातारी फारसं दाबतच नाही. हे मला बाजूच्या बिऱ्हाडातल्या शाळामास्तरांनी गाडीच्या पुस्तकातला तक्ता वाचून समजावलं, तेही दोनदा.

काळजी घ्यायची ती दुसरीच. हल्ली पेट्रोलात अल्कोहोल मिसळतात. ते जुन्या रबराची नळी खातं आणि हवेतलं पाणी ओढतं. तेव्हा नळी नवी घाल, आणि महिनाभर गाडी काढणार नसशील तर टाकी रिकामी करून ठेव. गर्दीच्या पंपावर भर, तिथे माल ताजा असतो.

एवढं लिहून मी कार्डाचं उत्तर दिलं असं म्हणू शकलो असतो. कोणतं घालू हे मात्र अजून लिहिलं नाही, ते तुझ्या लक्षात आलं असेल.

मंगळवारपासून मी तीन कागद फाडले. पहिल्यावर लिहिलं होतं, "महागडंच घाल." त्याने तुझ्या गाडीचं काहीही बिघडलं नसतं. म्हणूनच ते लिहिणं इतकं सोपं होतं. तुझी वहिनी म्हणाली, "अहो, त्याने पेट्रोल विचारलंय, आत्मचरित्र नाही. एक शब्द लिहायला तीन दिवस?"  तो एक शब्द लिहिला की मागचं सगळंच लिहावं लागणार होतं.

साधं घाल, धाकट्या. साधंच लागतं तिला. तेव्हाही तेच लागत होतं.

तुझ्या मुलाखतीचा दिवस आठव. नकाशे काढणाऱ्या कचेरीत जागा होती आणि तू बाबांची गाडी घेऊन निघालास. वाटेत साधं पेट्रोल भरलंस, कारण आपण नेहमी घालायचो त्या महागड्याची नळी पंपावर बंद होती. मोठ्या चढावर पिस्टनला भोक पडलं. अकरा किलोमीटर गाडी ढकलत तू घरी आलास, नव्या शर्टाची पाठ भिजलेली. आणि मी अंगणात, सगळ्या बिऱ्हाडांसमोर ओरडलो, "साधं पेट्रोल ओतलंस! बाबांची गाडी मारलीस!" तू म्हणालास, "दादा, पेट्रोल भरायच्या आधीपासून ती खडखडत होती. डब्यात खिळे हलवल्यासारखी." मी म्हणालो, "तोंड वर करून खोटं बोलतोस?" महिन्याभरात तू घर सोडलंस.

ती आधीपासून खडखडत होती. तू खरं बोलत होतास.

आदल्या संध्याकाळी गाडीचा स्पार्क मीच लावला होता. बाबांच्या हत्यारांच्या डब्यात सायकलची एक तार असायची, आठवते? प्लगच्या भोकातून ती आत सोडायची, पिस्टन किती खाली आहे ते तारेवरच्या खाचेवरून मोजायचं, आणि तिथे ठिणगी पडेल असा मॅग्नेटो लावायचा. त्या तारेवर खाचा दोन होत्या. एक आपल्या गाडीची. दुसरी बेकरीवाल्याच्या गाडीची, कारण बाबा त्याचीही गाडी लावून द्यायचे. मला तेव्हा चष्मा लागला होता आणि मी ते कोणाला सांगितलं नव्हतं. एक्केचाळिसाव्या वर्षी चष्मा म्हणजे मला लाज वाटायची. उजेड उतरला होता, मी अंगठ्याने चाचपलं आणि बेकरीवाल्याच्या खाचेवर आपली गाडी लावली. ठिणगी फार लवकर पडू लागली. अशी गाडी चढावर घातली की कोणतंही पेट्रोल घाला, पिस्टन जाणारच.

हे मला केव्हा कळलं, तेही सांगतो. कालपरवा कळलं असं लिहायचा मोह झाला होता. दुसरा कागद त्यातच फाटला. तू गेल्यावर चार महिन्यांनी नवा पिस्टन आला. मॅग्नेटोला मधे कोणी हात लावला नव्हता. मी चष्मा लावून तार आत सोडली, आणि ठिणगीची जागा बरोबर बेकरीवाल्याच्या खाचेवर आली.  मी उठून हात धुतले. ते स्वच्छच होते, तरी धुतले.

तेव्हाच तुझ्याकडे यायला हवं होतं. आज जातो, उद्या जातो करत राहिलो. मग तू ओतशाळेत लेथवर लागलास असं कळलं, आणि मी स्वतःला सांगितलं, पोराचं बस्तान बसलं, आता जुनं कशाला उकरायचं. भित्रा माणूस स्वतःची समजूत फार चटकन घालतो.

त्या दिवसापासून मी गाडीत साधंच घालतो. पण कोपऱ्यावरच्या पंपावर नाही. तिथे आपल्या अंगणात तेव्हा उभे असलेले लोक येतात. चाकात हवा भरून आणतो असं घरी सांगून मी तीन किलोमीटर लांबच्या पंपावर जातो. तिथली बाई दुरूनच ओरडते, "आजोबा, साधंच ना?" आणि मी आजूबाजूला बघून मान हलवतो.

काल रात्रीच्या जेवणानंतर हे सगळं तुझ्या वहिनीला सांगितलं. मला वाटलं, ती रडेल किंवा अबोला धरेल. ती भांडी पुसत म्हणाली, "काहीतरी आहे हे मला ठाऊक होतं. चाकात हवा भरायला एकतीस वर्षं तीन किलोमीटर कोण जातं?" मग थोड्या वेळाने म्हणाली, "त्याला खरं लिहा. त्याने उगाच पेट्रोल विचारलेलं नाही." मला वाटतं तिचं बरोबर आहे. तू जन्मभर यंत्रांत वावरलास. तुला काय घालायचं ते माझ्याआधी ठाऊक असणार.

तुझी ती नोकरी मी परत देऊ शकत नाही. माफी मागतो, ती तरी ठेवून घे. नाही ठेवलीस तरी माझी तक्रार नाही. काल रात्री मी सात तास झोपलो, असं कधी झालं नव्हतं.

सोबत पुठ्ठ्याच्या नळीत ती तार पाठवतो आहे. तुझी गाडी त्याच सालची, तेव्हा चालेल. आपल्या खाचेवर लाल दोरा बांधला आहे. बेकरीवाल्याची खाच कानशीने घासून काढणार होतो, पण नाही घासली. ती राहू दे. टपालात नळी वाकली तर तार सरळ करून घे, आणि पोचली की निदान एक ओळ टाक, नाहीतर मला झोप लागायची नाही.

आणि तुझी गाडी चढावर खडखडली, तर आधी पेट्रोलला बोल लावू नकोस. आधी तार आत सोडून बघ. उजेडात, चष्मा लावून.

तळ्यावर जायला दोन गाड्या असल्या तर तुझी वहिनी म्हणते, ती तुझ्या मागे बसेल.

तुझा, उघडपणे साधं घालणारा,

दादा