डाव्या डोळ्यावर

९ जून
शी! आज पुन्हा बाटलीत थुंकत बसला. दुकान भरलेलं, तव्यावर कोबीची चार जाड धिरडी, ओकोनोमियाकी, चुरचुरतायत, आणि माझा चिरंजीव कोपऱ्यात रबरी जाकीट घालून पचापचा थुंकतोय! उद्या लढतीआधीचं वजन आहे म्हणे, थोडं जास्त भरतंय. अंगातलं पाणी काढायचं तर थुंकायचं. स्क्रूच्या कारखान्यातल्या त्या दोघी नेहमीच्या बायका, अर्धं ताटात टाकून उठल्या.
"तेप्पेई, मोरीत जा!"
"मोरीत घाम येत नाही, आई. इथे तव्याची धग लागते."
पंचवीस वर्षांचा घोडा. शाळा सुटल्यापासून हेच बॉक्सिंग. ह्याच्या बापाला रक्त बघवत नसे — होता तोवर मासेसुद्धा मीच साफ करायचे.

१० जून
वजन मर्यादेत बसलं. आला आणि उभ्याउभ्याच भात गिळायला लागला. चावलाही नाही. कुत्रं बरं.

१२ जून
जिंकला काल. ओठ फाटलेला, कान सुजून त्याचा फ्लॉवर झालेला. बरोबर तो कुरोइवा, जिमचा मालक. बोटं सिगारेटनं पिवळी, आणि त्याच बोटांनी माझ्या पोराच्या डोक्यावर टपली मारतो!
"मावशी, डोकं आहे का दगड! एवढा मार खाल्ला पण ढिम्म हलला नाही. लोक हेच बघायला येतात."
म्हणजे हे ह्याचं नाव, ही ह्याची कमाई! माझं पोर मार कसा खातं, हे बघायला लोक रांगा लावतात. उलथणं त्या कुरोइवाच्याच टाळक्यात घालून बघावंसं वाटलं, दगड नक्की कोणाचा आहे ते.

३ सप्टेंबर
जपानच्या विजेतेपदाची लढत मिळाली. समोर सेगावा — गेली तीन वर्षं पट्टा त्याच्याकडेच आहे.
"आई, एकदा तरी ये ना. आजवर एकही लढत पाहिली नाहीस."
"डुक्कर खाते मी. म्हणून काही कत्तलखाना बघायला जात नाही."
उठला. मग न सांगता सगळी भांडी घासून ठेवली, तवासुद्धा खरवडला. लबाड! येते म्हटलं.

२१ नोव्हेंबर
काल लढत बघायला ओसाकाला जाऊन आले. सकाळी कोबी चिरताना बोट कापलं.
कसली ती माणसं! शेजारचा म्हातारा सुका माकूळ चघळत ओरडत होता, "पोटात मार! पोटात!" — तोंडातले तुकडे माझ्या बाहीवर. बिअरचा आंबूस वास, घामाचा वास. पुढच्या रांगेत सेगावाची बायको बसली होती, कोणीतरी दाखवली. हिरवा स्वेटर, मुठीत रुमाल.
पाच राउंड माझ्या पोरानं नुसता मार खाल्ला. भिजलेली गादी बडवावी तसा आवाज. मी डोळे मिटून घेतले, तर आवाज जास्तच मोठा झाला.
सहाव्यात सेगावाची डावी पापणी फाटली. रक्त आलं. आणि मग — कधी, कशी, मला कळलंच नाही — मी खुर्चीवर उभी होते. चपलांसकट! माझा आवाज म्हणजे दुकानात धुरातून ऑर्डरी ओरडून कमावलेला.
"डोळ्यावर मार! तेप्पेई, डाव्या डोळ्यावर! तिथेच मार!"
सेगावाच्या बायकोनं वळून पाहिलं. रागानं नाही. नुसतं पाहिलं. मी थांबले का? नाही. पुन्हा ओरडले.
आठव्यात पंचांनी लढत थांबवली. माझा मुलगा विजेता! म्हाताऱ्यानं मला मिठी मारली. मीही मारली — त्या माकूळवाल्याला!
घरी येऊन दोनदा अंग घासलं. वास जात नाही.

२२ नोव्हेंबर
तेप्पेईचे दोन्ही डोळे सुजून फटी झालेत. सूप पाजत होते तर म्हणाला, "एवढ्या गोंगाटात तुझाच आवाज आला गं. मला काही सुचत नव्हतं. तू म्हणालीस तिथे मारलं."
काय आनंदानं सांगत होता! मी मोरीत जाऊन ओकले.

६ डिसेंबर
सेगावाचा डावा डोळा गेला. पडदा सुटला आतला. शस्त्रक्रिया केली, उपयोग नाही झाला.
ही बातमी कुरोइवानं दिली, तोंडात नूडल्स कोंबलेले. "धंद्यात चालायचंच, मावशी. पुढच्या लढतीला बघा, आपलं अख्खं आमागासाकी शहर लोटेल!"
त्याच्या पुढ्यातली ताटली उचलली. "ऊठ. पुन्हा ह्या दारात पाऊल टाकू नकोस."
पुटपुटत गेला. तेवढ्यापुरतं बरं वाटलं. मग ताटली धुताना आठवलं — खुर्चीवर तो नव्हता चढला.

१४ डिसेंबर
तेप्पेई सेगावाला भेटायला हॉस्पिटलात गेला होता. 'चल' म्हणाला नाही. मीही 'येते' म्हटलं नाही.
"काय म्हणाला?"
"चांगला मारलास म्हणाला. बायकोनं चहा दिला. संत्रं सोलून दिलं. खाल्लं मी. काय करू, नको कसं म्हणू?"
"आणि?"
"तिनं विचारलं, त्या ओरडत होत्या त्या तुमच्या आई का?"
"तू काय म्हणालास?"
"हो म्हणालो."
त्यानंतर आम्ही दोघं जेवलो नाही.

१९ जानेवारी
तेप्पेईनं पट्टा परत केला. बॉक्सिंग बंद.
कुरोइवा रस्त्यातूनच बोंबलत होता, आत यायची छाती नाही. "अरे नतद्रष्टा! लोक जन्म घालवतात ह्यासाठी!"
तेप्पेई दारात उभा राहिला, हात जोडल्यासारखा वाकला. "मालक, सरावातसुद्धा समोरच्याचा डोळा दिसला की हात मागे येतो. आता नाही जमायचं."
आत आला, नीट मांडी घालून बसला, सावकाश चावून जेवला. किती वर्षांनी असा जेवला! स्क्रूच्या कारखान्यात सोमवारपासून दिवसभराचं काम धरलंय.

२० जानेवारी
गिऱ्हाइकं म्हणतात, "सुटलात, मावशी!" हो म्हणते, हसते.
कोणाला सांगू — मला अजून एक लढत बघायची होती.