मीठ आधी घालू नका

आईसाहेब,

नोकरीला निघालेल्या सुनेच्या हातचं शिजवलेलं खाणार नाही म्हणालात, आणि आज तिसरा दिवस तुम्ही नुसत्या दुधावर आहात. म्हणून आज मी चूलच पेटवली नाही.

मेथी आणि कांद्याची पात तीन पाण्यांतून काढून फडक्यावर पसरली आहे. विळीवर बसू नका, तीन दिवस पोटात अन्न नाही. पानं हातानंच तोडा. तोडल्यावर पुन्हा धुवू नका, सगळा स्वाद पाण्यात जातो. वर दाण्याचा कूट, कच्चं तेल, लिंबू. दाणेसुद्धा मी भाजलेले नाहीत, दाणा ओली गल्लीतल्या भडभुंज्याकडचे आहेत. मीठ मात्र खायला बसल्यावरच घाला, नाहीतर पाला पाणी सोडतो.

संस्थानचा दरबार होता तोवर या घरातली बाई शिकवायला बाहेर पडली नाही, हे खरं. पण दरबार आता राहिला नाही, आणि शाळेत आज माझा पहिला दिवस आहे.

साडेचारला येईन. तोवर मेथी तशीच पडलेली दिसली, तर मीही जेवणार नाही. उद्या उपाशीपोटी शिकवीन, पण शिकवीन.

रत्नप्रभा