ताईने वाजवलेलं दार

१९ नोव्हेंबर

भावोजी,

'सप्रेम' लिहायला हात धजत नाही, तेव्हा नुसता नमस्कार घ्या. ठकू बरी आहे. पुढचा एक दात पडलाय, खोकला गेला, शाळेत जाते. माझ्या शिलाईच्या दुकानात सध्या कोटांचा ढीग आहे. थंडी पडली, की मगच लोकांना कळतं आपण वर्षभरात किती सुटलो ते.

तुमच्या कवितेचं कौतुक आमच्याकडेही पोचलं. परवा एक बाई कोटाची बाही आखूड करायला आल्या आणि आरशासमोर उभ्या राहून तुमचे गोडवे गायला लागल्या. मेलेली बायको पावसात भिजत येते काय, दार वाजवते काय, 'माझी लेक द्या' म्हणते काय, आणि नवरा आतून कडी धरून रडतो काय! अंगावर काटा आला म्हणे. माझ्या तोंडात टाचण्या होत्या म्हणून वाचल्या त्या.

आता तुमच्या लेकीचं ऐका. तुम्ही खोलीत ती कविता मोठ्याने घोकत होतात तेव्हा पोर बाहेर बसून ऐकत होती, हे तुमच्या गावीही नसेल. माझ्याकडे राहायला आल्यापासून तिने ताईचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवलाय. काल भरदुपारी पोस्टमनने दुकानाची काच वाजवली, तर ही कापडं बेतायच्या टेबलाखाली!

"मावशी, उघडू नकोस. आई मला न्यायला आलीय."

असा संताप आला मला! आईसाठी धड रडायचीसुद्धा सोय ठेवली नाहीत तुम्ही पोरीला.

आणि कुठली आई? ताई आयुष्यात कधी दार वाजवून कुणाकडे गेली? माझ्याकडे यायची ती रस्त्यावरूनच बडबड करत. चपला कुठेतरी भिरकावणार, आधी स्वयंपाकघरातले डबे उघडून बघणार. ती मेल्यावर सभ्यपणे टकटक करील? एकाच दारावर तिला टकटक करावी लागायची. लिहायला बसल्यावर कुणी आत यायचं नाही, हा नियम तुमचाच.

पुढचं मी लिहिणार नव्हते. पण काल टेबलाखाली वाकून मी पोरीला समजावत होते, की अगं, मेलेलं माणूस दार वाजवत नाही, ते सगळं बाबांच्या मनातलं. तर ती म्हणाली, "पण मावशी, तेव्हा आई मेली नव्हती."

मग तिने सगळं सांगितलं. ताई छाती धरून तुमच्या दाराशी आली. दार वाजवलं. तुम्ही आतून 'थांब जरा' म्हणालात. तिने पुन्हा वाजवलं. मग ती तिथेच खाली बसली आणि ठकूला म्हणाली, "बाबांना हाक मार." ठकूने हाक मारली नाही, कारण नियम. आता तिला वाटतं, आई त्याचाच जाब विचारायला येते.

आम्हाला काय सांगितलंत तुम्ही? 'मी जवळच होतो, क्षणात गेली.' आणि कवितेत तेच दार घेतलंत, तीच टकटक, फक्त ताईला आधी मारून टाकलंत. जिवंत बायकोला दार उघडलं नाही म्हटलं तर लोक तोंडावर थुंकतील. भुताला उघडलं नाही तर टाळ्या. शाबास!

ताई खरंच आली असती, तर मी दार बिजागऱ्यांसकट उपटून ठेवलं असतं. मूर्खासारखी रोज वाट बघते मी. येत नाही ती.

रविवारी तुमचं मोठं वाचन आहे ना? त्याआधी इथे या. ठकूला समोर बसवा आणि सांगा: आई तुला न्यायला आली नव्हती. तिला दुखत होतं. दार मी उघडलं नाही. तुझी काही चूक नाही. एवढं पाठ करून या. यमक जुळलं नाही तरी चालेल.

आलात तर जेवून जा. नाही आलात तर रविवारी मी पहिल्या रांगेत असेन, आणि माझ्या तोंडात टाचण्या नसतील.

येताना दार मात्र वाजवू नका. आमच्याकडे आता सगळे रस्त्यावरूनच हाक मारतात.

ताईची बहीण