धोंड्याचं आमंत्रण आणि दहा हिरव्या खुणा

संग्रामपूर,
मंगळवार, २ जून

जावईबापू श्री. कुलदीपराव यांना तुळशीरामाचा नमस्कार (की आशीर्वाद? एरवी आशीर्वादच लिहिला असता. पण अधिक महिन्यात जावई नारायणाच्या जागी असतो असं तुमच्या सासूबाईंचं म्हणणं, आणि नारायणाला आशीर्वाद कोणत्या तोंडाने द्यायचा ते मला कळेना. तेव्हा दोन्ही मिळाले असं समजा). तुमची तब्येत ठीक असेल. अर्पिताचा खोकला गेला असेल. इकडे उन्हाने जीव नकोसा केलाय. तुमच्या सासूबाईंचा गुडघा जिना चढताना दुखतो, पण आपल्या घराला जिना नसल्यामुळे तसं क्षेम आहे.

पत्राचं कारण आनंदाचं. धोंड्याचा महिना आहे, जावयाला जेवू घालून तेहतीस अनारसे द्यायचे असतात, तर येत्या रविवारी तुम्ही दोघांनी यावं. शेगावला उतरा, मी स्टेशनवर घ्यायला येतो. हे फोनवरही सांगता आलं असतं. पण तुमचा फोन आला की माझ्या तोंडून 'हो' शिवाय दुसरं काही निघत नाही. जावयाला 'मला समजलं नाही' असं म्हणायची आपल्या घरात रीत नाही. म्हणून हे कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवतोय.

'हो'वरून आठवलं. मागच्या आठवड्यात आमच्या भाजीपाला संघाच्या कंप्युटरांवर अँटिव्हायरस कसा टाकायचा ते तुम्ही अर्धा तास समजावून सांगितलंत. मुख्य कंप्युटरसमोर बसायचं, बाकीच्या अकरा कंप्युटरांची नावं एका रकान्यात एकेक करून लिहायची, बटण दाबायचं, आणि अँटिव्हायरस तारेतून आपोआप ज्याच्या-त्याच्या कंप्युटरात जाऊन बसतो. जागचं हलायचंही नाही. मी बावीस वेळा 'हो' म्हणालो (तुमच्या सासूबाईंनी मोजले). हे सगळं एवढ्यासाठी, की बाहेरची एक मोठी कंपनी सोमवारपासून आमच्याकडून हिरवी मिरची उचलणार आहे आणि तिची मागणी थेट आमच्या कंप्युटरांवर येणार आहे. त्यांची अट एकच. सगळ्या कंप्युटरांवर अँटिव्हायरस हवा, आणि तो आहे असं संघाच्या जबाबदार माणसाने सही करून लिहून द्यायचं. अध्यक्ष भगवंतरावांनी जबाबदार माणूस म्हणून माझ्याकडे बोट दाखवलं, कारण माझे जावई पुण्यात कंप्युटरच्या कंपनीत आहेत हे मी चार वर्षं सगळ्यांना सांगत आलोय.

आता नावांचं सांगतो. हे कंप्युटर आले तो गुरुवार होता. नारळ फोडून झाल्यावर बसवणाऱ्या माणसाने पहिल्याच टेबलावर कोकिळाबाईंना विचारलं, याला नाव काय द्यायचं? त्या म्हणाल्या, गजानन. शेगाव इतकं जवळ, दुसरं काय म्हणणार? पुढच्या टेबलावर राजकुमार. त्याने त्याहून कमी दर्जाचं नाव काय म्हणून द्यावं? त्यानेही गजानन सांगितलं. असे ओळीने दहा झाले. बसवणारा काहीतरी बोलत होता, पण त्याला प्रसाद दिल्यावर तो गप्प झाला. एकट्या गोदामातल्या अश्वजितने आपल्या मुलीचं नाव दिलं, समता. तेव्हापासून रोज सकाळी पडद्यावर इंग्रजीत एक पाटी येते, आम्ही ती ओके करतो आणि कामाला लागतो.

तर तुम्ही सांगितलंत तसं मी केलं. रकान्यात 'गजानन' लिहिलं, बटण दाबलं, हिरवी खूण आली. परत गजानन, परत हिरवी खूण. दहा वेळा. मग समता, तिथेही हिरवी. एकूण अकरा. मला इतकं बरं वाटलं की मी सगळ्यांना चहा सांगितला.

त्याच दुपारी कोकिळाबाईंचा कंप्युटर बिघडला. आपोआप बंद व्हायचा, चालू व्हायचा, 'अँटिव्हायरस बसला' म्हणायचा, परत बंद व्हायचा. त्या उदबत्ती लावून बसल्या. बाकी नऊ जणांच्या कंप्युटरात मात्र अँटिव्हायरसचा मागमूस नाही. मला वाटलं, तारेतून यायला वेळ लागत असेल. मी तार जरा हलवूनही पाहिली. शेवटी अश्वजित आला, माझा रकाना वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाला, "काका, दहा घराईवर एकच नाव असन तर पोस्टमन कोणाच्या घरी जाईन? तुमचे दहाच्या दहा अँटिव्हायरस कोकिळाताईच्या घरी जाऊन पडले."

मग नावं बदला, म्हटलं. पण गजाननाचं नाव पुसून दुसरं लिहायला कोण तयार होणार? कोकिळाबाई म्हणाल्या, "म्या काऊन बदलू? पह्यले म्या ठेवलं." अश्वजितनेच तोड काढली की नाव तेच ठेवा, पुढे एक ते दहा आकडे टाका. हे सगळ्यांना पटलं आणि पाच मिनिटांत भांडण सुरू झालं, कारण एक नंबर कोणाचा? राजकुमारची नोकरी जुनी, कोकिळाबाईंचं वय जास्त. कोणी म्हणे सेवाज्येष्ठता यादी काढा. राजकुमार म्हणाला, "मले दोन नंबर देत असान तर माह्या कंप्युटरले अँटिव्हायरस नाही पाह्यजे." भगवंतराव सभा घ्यायची म्हणताहेत. मला आता नीटसं समजत नाही की हे काम कंप्युटरचं आहे की निवडणुकीचं.

बाकी सर्व ठीक. अनारशांचं पीठ भिजलंय. अर्पिताला आशीर्वाद (इथे मात्र शंका नाही).

तुमचा,
तुळशीराम

ता. क. रविवारी येण्याऐवजी शुक्रवारीच आलात तर? शनिवारी संघ उघडा असतो. तुम्ही त्रयस्थ आणि त्यातून नारायणाच्या जागी, तुम्ही दिलेला नंबर कोणी नाकारणार नाही. नंबर टाकून अँटिव्हायरसही नीट बसवून द्या. धोंड्याला बोलावलेल्या जावयाला कामाला लावलं असं तुमच्या सासूबाईंना कळू देऊ नका.

ता. क. दुसरा. जे वर लिहायला हात धजला नाही ते लिहितो. हिरव्या खुणा दिसल्या त्याच सकाळी, काही बिघडायच्या आधीच, मी अकराही कंप्युटरांवर अँटिव्हायरस असल्याचं सही करून दिलंय. कागद कंपनीकडे गेला. एकतीस वर्षांत माझी सही खोटी ठरली नाही. सोमवारी एखाद्या कंप्युटरातली घाण त्यांच्याकडे गेली तर दोनशे घरची मिरची परत बाजारात येईल, आणि त्या कागदाखाली माझं नाव असेल. मला झोप नाही. याची लाज वाटते, तीही सांगून टाकतो.

ता. क. तिसरा. फोटो काढणार तोच अर्पिताचा तिच्या आईला फोन आला. ती म्हणाली, तुम्ही कंपनीत आहात हे खरं, पण तुमच्याकडे कर्मचाऱ्यांची ने-आण करणाऱ्या बसगाड्यांचं वेळापत्रक असतं. आम्ही सोयरीक जुळवताना 'कंप्युटरची कंपनी' एवढं ऐकलं आणि पुढे काही विचारलंच नाही. फोनवर मला सांगताना तुम्ही मधे मधे थांबत होतात, ते म्हणे शेजारच्या टेबलावरच्या शेखरला विचारायला. म्हणजे त्या अर्ध्या तासात सांगणाऱ्यालाही समजत नव्हतं आणि 'हो' म्हणणाऱ्यालाही. आधी मला राग आला. मग इतकं हसू आलं की तुमच्या सासूबाई पाणी घेऊन धावल्या. तुम्हालाही सासऱ्याला 'मला येत नाही' म्हणवत नाही, हे ऐकून प्रथमच तुम्ही अगदी घरचे वाटलात. तेव्हा तुम्ही नुसते जेवायला या, पण शुक्रवारीच या, आणि शेखरला सोबत आणा. तो कोणाचा जावई आहे हे आम्ही विचारणार नाही, तेहतीस अनारसे त्यालाही देऊ. फक्त निघण्याआधी एकदा त्याला स्पष्ट विचारा, की ते सगळं त्याला स्वतःला येतं, की तोही कोणाला तरी विचारून सांगत होता.