आत्या, आपलं आळंदीचं भजन

प्रिय आत्या,

तुमच्या वर्षश्राद्धाचा फ्लेक्स आज मोबाईलवर आला. यांनी तो माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "स्वाती, एकदा शुद्धलेखन बघून घे. दुपारनंतर छापायला टाकायचाय." मी बघितलं. वेलांट्या, उकार सगळं जागच्या जागी आहे. बाकी सगळं खोटं आहे आणि ते खोटं माझं आहे. म्हणून हे पत्र लिहायला बसले.

तुमच्या नावाआधी 'ह.भ.प.' लागलंय! माझ्या सासूबाई हौसाबाई हरिभक्तपरायण! तुम्ही असता तर पदर तोंडाला लावून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला असता. मागे देवळाचा कळस चिकटवलाय. आणि फोटो कोणता घेतलाय माहितीये? डोळे मिटलेले, तोंड उघडं, दोन्ही हात वर, तो. घरातले सगळे म्हणतात, आळंदीला भजनात आई कशी तल्लीन झालीये बघा. तुमच्या गालावर लाल उजेड पडलाय, तो कुणाच्याच लक्षात आला नाही. तो स्टेजवरचा दिवा होता, आत्या. सॅक्सोफोनवाला वाजवता वाजवता पुढे आला होता आणि तुम्ही "आरं वाजीव की, थांबतुयास कशाला!" म्हणून ओरडायच्या बेतात होतात. फोटो मीच काढला. मागितला तेव्हा मीच दिला. कुठला आहे, ते तेवढं सांगितलं नाही.

सुरुवात आठवते का? चिंचवडला तुमचा गुडघा दाखवून येताना आपण चाकणच्या चौकात अडकलो होतो. पुढे कंटेनर, मागे कंपनीच्या बसेस, गाडी जागची हलेना. कंटाळून मी माझ्या आवडत्या बँडचं गाणं लावलं. तुम्ही 'बंद कर' म्हणणार, याची मला खात्री होती. गाणं संपलं तर म्हणालात, "परत लाव."

"आवडलं?"

"आता तो पिपाणीवाला रडतोय का हसतोय, त्येच कळंना बग. परत लाव म्हन्ते ना."

मी म्हटलं, आत्या, त्याला सॅक्सोफोन म्हणतात, आणि या असल्या वाजवण्याला जॅझ म्हणतात. तुम्ही म्हणालात, "म्हनू दे की काय म्हनायचं त्ये." महाळुंग्याला घरी पोहोचेपर्यंत तेच एक गाणं. फाटकाशी आल्यावर मात्र तुम्हीच खुणेनं आवाज बारीक करायला लावलात!

मग आकुर्डीच्या एका कॉलेजात त्यांचा कार्यक्रम लागला. तुम्ही माझ्यामागे लकडा लावलात. मी म्हटलं, मोबाईलवर रोज ऐकतोच की. तर म्हणालात, "त्ये शिळं. तितं जाऊन ताजं खायाचं." निघताना यांचा फोन आला, कुठे चाललात म्हणून. माझ्या तोंडून निघून गेलं, आळंदीला, आत्यांना भजनाला जायचंय. फोन ठेवला आणि तुमच्याकडे बघायची माझी हिंमत होईना. तुम्ही शांतपणे आळंदीच्या दिशेला हात जोडलेत आणि म्हणालात, "माउली, ही बोलली. म्या न्हाई." आणि मला म्हणालात, "खोटारडे, चल बिगी बिगी, जागा जाईल."

त्या दिवशी तुम्ही प्लास्टिकच्या खुर्चीवर उभ्या राहिलात! दुखऱ्या गुडघ्यानिशी! सगळी पोरंपोरी बँडच्या पिवळ्या रंगाचे कपडे घालून आलेली, कुणी हिंजवडीची, कुणी आपल्याच एमआयडीसीतली. त्यात तुमचं हिरवं नऊवारी. कार्यक्रम संपल्यावर अजून एक गाणं व्हावं म्हणून सगळे मिळून ट्रम्पेटची ओळ तोंडानं वाजवतात, पॅं परा पॅं पॅं. ती शिकायला लोकांना एक-दोन कार्यक्रम लागतात. तुम्ही दुसऱ्यांदा ऐकून सुरू झालात, आणि शेतात हाक मारायचा तुमचा तो आवाज! गाणारी मुलगी स्टेजवरून वाकून बघायला लागली. बँडच्या चाहत्यांचा ग्रुप चालवणारी पल्लवी पळत आली आणि तुमच्या पाया पडली. त्या दिवसापासून तुम्ही सगळ्यांची आजी आणि ते वाजवणारे 'आपली पोरं'.

येताना मोशीत गाडी थांबवून आपण चुरमुरे-फुटाण्यांचा प्रसाद विकत घेतला. घरी यांनी तो कपाळाला लावून खाल्ला. तेव्हा मला हसू आवरत नव्हतं.

मग चटकच लागली आपल्याला. गाणं तेच, पण दर वेळी मधला तुकडा वेगळा. "एकदा वाजिवलेलं पुन्हा न्हाई वाजवीत. म्हंजी आपन यावंच की न्हाई! लबाड हायती," असं तुम्ही कौतुकानं म्हणायचात. भाकरी थापताना पॅं परा पॅं पॅं चालायचं. हे विचारायचे, आई, हा कुठला अभंग? तुम्ही म्हणायचात, "नवा हाय."

पण आत्या, एक विचारू? रागवू नका. तुम्ही तरी का नाही सांगितलंत तुमच्या मुलाला? तुमचा शब्द ते खाली पडू देत नव्हते. मी सून, मी घाबरले. तुम्ही कुणाला घाबरत होतात? एकदा विचारलं तर म्हणालात, "म्हातारीला ह्या वयात काय चळ लागला, म्हनतील लोकं. आळंदी बरी." तुम्हाला बरी वाटली आणि मला सोयीची. दोघींनी मिळून हे केलं, पण निस्तरायला मी एकटी उरलेय.

तुम्ही दवाखान्यात होतात, तेव्हा पुढच्या कार्यक्रमाची आपली तिकिटं काढलेली होती. पहिल्यांदाच पहिल्या रांगेतली. सगळे भोवती उभे होते आणि तुम्ही माझा हात धरून म्हणालात, "आपलं जायाचं राह्यलं गं." सगळ्यांना वाटलं, आळंदी. यांनी तर रडत रडत सांगितलं, आई, बरी हो, मी स्वतः नेतो तुला आळंदीला. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी खाली बघितलं.

आणि मग दहावा. इंद्रायणीच्या घाटावर एवढी माणसं आली होती! प्रवचनकारांनी तुमच्या भजनाच्या ओढीचं असं वर्णन केलं की बायका हुंदके देऊ लागल्या. मी मान खाली घालून बसले होते. माझ्या शेजारी तुमची लेक म्हणत होती, "वहिनी, तू तिला आळंदी घडवलीस, तुझे उपकार कसे फेडू?" आत्या, धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं मला!

पिंड ठेवला. समोरच्या झाडावर कावळे होते, पण एकही खाली येईना. हे पुढे झाले, हात जोडून म्हणाले, आई, धाकट्याला अंतर देणार नाही. कावळा येईना. भाऊजी म्हणाले, जमिनीवरून भांडणार नाही. लेक म्हणाली, माझी काळजी करू नकोस. येईना. मग हे म्हणाले, "आई, दर महिन्याला तुझ्या नावानं आळंदीला जाऊ." एक कावळा फांदीवर थोडा सरकला आणि तिथंच बसला. सगळे विचारायला लागले, तिची कुठली इच्छा राहिली? कुणाला माहितीये का?

मला माहिती होतं! त्या अख्ख्या घाटावर एकट्या मला माहिती होतं. दोन पावलं पुढे जाऊन म्हणायचं होतं, आत्या, आपल्या पोरांच्या कार्यक्रमाला मी जाईन. एवढंच. पण समोर प्रवचनकार, गावची माणसं, तुमचा रडणारा मुलगा. माझी जीभ उचललीच नाही. मनात म्हणावं, तर तेसुद्धा सुचलं नाही. मी फक्त पदर नीट केला.

शेवटी ऊन चढलं. गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला शिववला. लोक उठले, चपला शोधायला लागले.

कावळ्यावर माझा विश्वास आहे की नाही, मला सांगता येत नाही. पण गवताच्या त्या कावळ्यानं तुमची बोळवण झाली, हे मनातून जात नाही. माझ्या भित्रेपणामुळे तुम्ही तशाच गेलात, असं वाटत राहतं.

त्यानंतरही मी सुधारले नाही, तेही ऐका. तिकिटं काढलेल्या त्या कार्यक्रमाला आपण दोघी दिसलो नाही, तेव्हा पल्लवीनं ग्रुपवर विचारलं, "आजी कुठेत?" मी लिहिलं, "गावाला गेल्यात." का लिहिलं, देव जाणे. खरं लिहिलं असतं तर ती सगळी घरी आली असती, पिवळे कपडे घालून, आणि दारात यांनी विचारलं असतं, तुम्ही कोण? म्हणून गावाला पाठवून दिलं तुम्हाला. पोरांनी व्हिडिओ पाठवला. पहिल्या रांगेतली आपली जागा त्यांनी कुणाला बसू दिली नव्हती. गाणारी मुलगी विचारत होती, "आज आपल्या आजी नाहीत का?" आणि सगळे मिळून ओरडले, "पुढच्या वेळी!" मी तो व्हिडिओ मोरीचं दार लावून, नळ सोडून बघितला.

अजून ती मुलं दर वेळी तुमच्यासाठी खुर्ची धरतात. घरात तुम्ही संतीण झालात आणि तिकडे अजून गावाहून यायच्या आहात. खुर्चीवर उभी राहून ओरडणारी माझी आत्या मात्र कुठेच नाही. तिच्यासाठी कुणी धड रडलंसुद्धा नाही. मीच रडू दिलं नाही.

फ्लेक्स छापायला गेला नाहीये. यांना मी सांगितलं, एक चूक आहे, संध्याकाळी दाखवते. ते म्हणाले, "कुठाय? मला तर दिसत नाही." त्यांना कशी दिसणार? संध्याकाळी चहा झाला की त्यांच्यासमोर तो फोटो धरेन, गालावरच्या लाल उजेडावर बोट ठेवीन आणि सगळं सांगेन. मोशीच्या चुरमुऱ्यांपासून. रागावतील, खूप रागावतील. कदाचित काही दिवस बोलणार नाहीत. त्या प्रसादाचं तर त्यांना फार लागेल. मग पल्लवीला फोन करेन. ती रडेल, आणि मला विचारेल की इतके दिवस का नाही सांगितलंत.

आत्या, वर्षश्राद्धाच्या दिवशी तुमचं पान गच्चीवर ठेवतील. सगळे मागे उभे असतील. या वेळी मी पुढे होईन आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणेन की, आत्या, आपल्या पोरांच्या पुढच्या कार्यक्रमाला मी जाणार, पहिल्या रांगेत बसणार, आणि हे आले तर यांनाही घेऊन जाणार. ती ओळसुद्धा तिथंच तोंडानं वाजवेन. पॅं परा पॅं पॅं. माझा आवाज तुमच्यासारखा नाही, सांभाळून घ्या.

कावळा लगेच येवो, नाहीतर उशिरा येवो. पान वाळेपर्यंत मी तिथं उभी राहीन, पण दर्भाचा कावळा कुणाला करू देणार नाही.

तुमची खोटारडी सून,
स्वाती