कोराडी रोडवरचा चोर

महाल, नागपूर
१९ नोव्हेंबर

ती. उत्तराताईस,

कृष्णकांतचा साष्टांग नमस्कार. (कंबरेला पट्टा असल्याने तूर्त पाचच अंगांनी घातला आहे, उरलेली तीन अंगं समक्ष भेटीत.) तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींची साखर उतरली का? इकडे मेघा ठीक आहे, मीही ठीक आहे असं डॉक्टरांचं मत आहे. बाबांचं विचारशील तर ते दोन्ही वेळ जेवतात, सकाळी गच्चीवर फिरतात आणि माझ्याशिवाय सगळ्यांशी बोलतात.

हातात फोन असताना पत्र काहून, असं तू म्हणशील. एक कारण म्हणजे तू फोन स्पीकरवर टाकून भाजी चिरत बसतेस आणि तुझ्या भजनी मंडळाला आपल्या घरचं सगळं कळतं. (मागे माझ्या मूळव्याधीवर अकोल्याहून तीन अनोळखी बायकांनी औषधं कळवली होती.) दुसरं कारण हे की गेल्या तीन फोनमध्ये मी तुला ‘सगळं ठीक’ असं सांगितलं आणि ते खोटं होतं. तेव्हा चहा घे, चष्मा लाव, आणि स्वयंपाकघराचं दार लोटून वाच.

माझा स्वभाव तुला माहीत आहे. सिंचन खात्यात एकतीस वर्षं मी कुणाला स्टेपलरची पिनसुद्धा सहीशिवाय नेऊ दिली नाही. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी फोनवर ‘तुमचं पेन्शन बंद होणार’ असं सांगून बाबांकडून कार्डावरचे आकडे वाचून घेतले आणि खातं धुऊन नेलं, त्याच दिवशी मी बाबांचं एटीएम कार्ड आणि पासबुक माझ्या ताब्यात घेतलं. त्यांना महिन्याला पाचशे रुपये हातखर्च ठरवला. कोराडीच्या वीज केंद्रात, कोळसा विभागात चौतीस वर्षं काढलेला माणूस दर एक तारखेला स्वतःच्याच पेन्शनमधली ती नोट माझ्याकडून दोन्ही हातांनी घ्यायचा. मला त्यात तेव्हा शिस्त दिसायची.

तर यंदा बँकेने मला एक जादा क्रेडिट कार्ड फुकट दिलं. फुकट म्हणून मी ते घेतलं आणि धोक्याचं म्हणून वापरलं नाही. पाकिटात घालून मेघाच्या कपाटात शालूच्या घडीखाली ठेवून दिलं. एकदाच काय ते बाहेर काढलं. नवरात्रात बाबांना घेऊन कोराडीच्या देवीला गेलो होतो, तेव्हा परतताना रस्त्यातल्या एका पंपावर, मशीनला नुसतं टेकवलं की पिन न विचारता पैसे जातात म्हणतात ते खरं का, हे पाहायला. खरं होतं. बाबांनी तो चमत्कार दोनदा समजावून घेतला. मीही उत्साहाने समजावला.

पुढे ऑक्टोबरच्या शेवटी एका मंगळवारी मोबाइलवर संदेश आला, त्याच पंपावर सहाशेचं पेट्रोल भरलं म्हणून. ताई, माझ्या स्कूटरच्या टाकीत सहाशेचं पेट्रोल ओतलं तर निम्मं रस्त्यावर वाहील. पुढच्या मंगळवारी पुन्हा सहाशे. मी कपाट उघडलं, तर पाकीट जागच्या जागी. म्हणजे कार्डाची नक्कल झाली, हे उघडच होतं. असले किस्से मी आमच्या निवृत्तांच्या ग्रुपवर रोज वाचतो आणि रोज चाळीस जणांना पाठवतो. (मी पाकीट पाहिलं, पाकिटात पाहिलं नाही. या कंसात मी हल्ली पुष्कळ वेळ बसून असतो.)

लगेच पंपावर गेलो. नवरात्रात ज्या पोरीने माझं कार्ड घेतलं होतं तीच ड्यूटीवर होती. छातीवर पट्टी होती, पायल. चार गाड्या रांगेत उभ्या असताना मी तिला चोर म्हणालो, चोरांच्या टोळीची मेंबर म्हणालो, ग्राहक मंचापासून पोलीस आयुक्तांपर्यंत जेवढी कार्यालयं आठवली तेवढ्यांची नावं घेतली. ती पाइप हातात धरून एवढंच म्हणाली, “काका, कार्ड टेकवल्याबिगर पैसे जात नाहीत. तुम्ही मले काहून बोलून राहिले?” तिचे डोळे भरले होते. मला वाटलं, पकडली गेली म्हणून भरले. मॅनेजर धावत आला. त्याला मी लेखी बजावलं की हे कार्ड पुन्हा इथे आलं तर ते आणि ते आणणारा माणूस दोन्ही रोखून धरायचे, नाहीतर पंप बंद पाडीन.

मग बँकेला फोन लावला. मराठीसाठी दोन दाबा म्हणाले, दोन दाबलं, अकरा मिनिटं बासरी ऐकली आणि शेवटी जो मुलगा आला तो हिंदीत बोलला. तो म्हणाला, कार्ड बंद करा, नवीन पाठवतो, त्याचे अमुक पैसे पडतील. फुकटच्या कार्डासाठी पैसे भरणं माझ्या तत्त्वात बसेना. तेव्हा त्यानेच सांगितलं की खर्चाची मर्यादा तुम्हाला हवी तेवढी खाली आणता येते. मी ती शंभर रुपयांवर आणली. म्हणजे चोर येणार, टेकवणार, मशीन नाही म्हणणार आणि चोर जाळ्यात. त्या दिवशी मेघाला मी स्वतःहून सांगून शिरा करायला लावला. बाबांनीही खाल्ला. मर्यादेचं मी फक्त भाऊजींना सांगितलं होतं, घरात कुणालाच नाही. गुप्तता महत्त्वाची असते.

तिसऱ्या मंगळवारी सव्वादहाला पंपावरून फोन आला. कार्ड आलं होतं, माणूस बसवला होता. मी तयारीला लागलो. इस्त्रीचा शर्ट घातला. झेरॉक्सवाल्याकडे जाऊन संदेशांच्या तीन-तीन प्रती काढल्या, एक पोलिसांना, एक बँकेला, एक मला. त्याची मशीन तापली होती, ती थंड होईस्तोवर तिथेच स्टुलावर बसलो आणि त्याला सगळी हकीकत ऐकवली. पंपावर पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते.

हवेच्या मशीनजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर बाबा बसले होते. देवळात जाताना घालतात तो पांढरा शर्ट, हातात पायलने दिलेला पाण्याचा ग्लास. शेजारी टाकी कोरडी पडलेली एक जुनी व्हॅन उभी होती आणि तिच्या मागच्या सीटवर देवाजीकाका आडवे होते. तुला सायकल शिकवणारे, कॉलनीच्या रस्त्यावर राखेने पांढरे झालेले बूट घालून तुझ्यामागे धावणारे, तेच. मी ओळखलं नाही ताई, पाय सुजून खांबासारखे झाले होते आणि तोंड मातीच्या रंगाचं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ते रागावले नाहीत, सफाईही दिली नाही. म्हणाले, “कृष्णा, देवाजीले उशीर होऊन राहिला.”

सगळं नंतर कळलं, ते असं. देवाजीकाकांच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा त्यांना कोराडीहून नागपूरला डायलिसिसला न्यावं लागे. त्यांचा भाचा प्रशिक त्याच्या व्हॅनमधून न्यायचा, पण त्याचा धंदा बसला होता आणि पेट्रोल परवडेना. बाबांना हे नवरात्रातच देवळाबाहेर कळलं. (मी तेव्हा चपला सांभाळत होतो.) मंगळवारी ते मेघाला वाचनालयात जातो सांगून बसने कोराडीला जात, पेट्रोल भरून देत, दिवसभर मित्राजवळ बसत आणि संध्याकाळी कार्ड पुन्हा शालूखाली. मला का विचारलं नाही, हे मी त्यांना विचारायची हिंमत केलेली नाही. उत्तर मला येतं. मी म्हटलं असतं की देवाजीकाकांना त्यांची माणसं नाहीत का. तुला आठवत असेल, देवाजीकाका आपल्या क्वार्टरवर यायचे ते कायम व्हरांड्यातच बसायचे. आत या, असं आपल्यापैकी कुणीही कधी म्हटलं नाही. बाबा आपला कप घेऊन बाहेर जायचे.

रोख पैसे देऊन टाकी भरली आणि दवाखाना गाठला. अकराची वेळ त्यांची होती, मशीनवर दुसरा पेशंट होता. उद्या सकाळी सातला या, म्हणाले. मी तिथे आवाज चढवला, तीन-तीन प्रती दाखवल्या. नर्सने त्या उलटून पाहिल्या आणि विचारलं, हे पेट्रोलचं इकडे कशाला? पहाटे चार वाजता काकांना धाप लागली, मोठ्या दवाखान्यात नेलं आणि शुक्रवारी ते गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीच फार थकलं होतं, त्या एका दिवसाने झालं असं म्हणता येणार नाही. मी विचारलं, झालं नाही असं म्हणता येईल का? ते म्हणाले, तेही नाही.

कोराडीच्या घाटावर बाबा शेवटपर्यंत उभे राहिले. बुद्धवंदना सुरू झाली तेव्हा प्रशिकने त्यांचा हात धरून पुढे नेलं. मी बाकीच्यांबरोबर मागे उभा होतो. मला कुणी पुढे ये म्हटलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

दुसऱ्या दिवशी मी बाबांचं एटीएम कार्ड आणि पासबुक त्यांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी ते उचलून टीव्हीशेजारी ठेवलं, अजून तिथेच पडलं आहे, मेघा रोज त्याखालची धूळ पुसते. पंपावरही जाऊन आलो. पायलला म्हणालो, पोरी, माझं चुकलं. रांग होती, मागचा ट्रकवाला हॉर्न देत होता. तिने माझ्या स्कूटरच्या टाकीत नळी घातली, मशीनकडे बोट केलं आणि म्हणाली, “झिरो पाहून घ्या, काका.” एवढंच. मी पाहिला. झिरोच होता.

भाऊजींना नमस्कार. गुडघ्यांना तेल लावत जा.

तुझा धाकटा भाऊ,
कृष्णकांत

ता. क. — पत्र ज्यासाठी लिहिलं ते राहिलंच. बाबांनी मेघाला अकोल्याचं तिकीट काढायला सांगितलं आहे. तुझ्याकडे राहायला येतो म्हणतील, कदाचित कायमचं. तू कृपा करून घरात रंगकाम चालू आहे असं सांग. वासाने खोकला होतो म्हण. इथे राहिले तर कधी ना कधी माझ्याशी बोलतील, तिथे गेले तर कशाला बोलतील?

ता. क. २ — पत्र मेघाने वाचलं आणि सव्वादहाच्या ओळीवर बोट ठेवून परत दिलं, म्हणून हे लिहितो आहे. सव्वादहाचा फोन मी वर अर्धाच लिहिला. फोन पायलचा होता. ती म्हणाली, “आजोबा आहेत, पोराचं कार्ड हाय म्हणतात. गाडीत पेशंट आहे. तुम्ही म्हणाल तर सोडते.” मागे कुणीतरी खोकलं. तो खोकला मी साठ वर्षं ऐकतो आहे. ओळखला नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं. ओळखला होता, ताई. पण इतका राग आला की माझ्याच घरात, बायकोच्या कपाटातून! वाटलं, बसू दे थोडा वेळ, कळू दे. मी म्हणालो, बसवून ठेवा. आणि झेरॉक्स काढायला गेलो. पेशंट हा शब्द कानावर आला होता की नाही, ते मला खरंच आठवत नाही. बाबांना हे ठाऊक आहे. पायलचा फोन स्पीकरवर होता.

ता. क. ३ — रंगकामाची ओळ खोडून टाक. त्यांना येऊ दे. तिकीट मीच काढलं आहे, येत्या मंगळवारचं, खिडकीजवळचं. पोचले की त्यांना विचार, कृष्णाला फोन करायचा का. नको म्हणाले तर मला करू नकोस, मेघाला कर. मी तिच्या शेजारीच बसलेला असेन.