काखेतली गाठ

प्रिय हेरिम,

यंदा सोक्चो बंदरात जाळ्यांना माकल्या कमीच लागल्या, पण मासळीबाजारातली माझी जागा शाबूत आहे. फोनवर तुला नुसतं "बरी आहे" सांगते. आज सगळं सांगते.

वसंतात काखेत गाठ लागली. तुझ्या बापाने दारात माझा हात चेंगरला होता, त्याचीच सूज असेल असं वाटलं. गाठीचा तुकडा तपासल्यावर डॉक्टर नो बाई म्हणाल्या, पेशी स्तनाच्या कॅन्सरच्या आहेत. मग मॅमोग्राफी, म्हणजे छातीचे फोटो झाले, सोनोग्राफी झाली, एमआरआयही झाला. स्तनात काही सापडेना. "मूळ कधीकधी दिसतच नाही, मावशी. पण म्हणून थांबायचं नाही," म्हणाल्या. काखेतल्या गाठी काढायच्या, औषधं चढवायची आणि मग एकतर स्तन काढायचा, नाहीतर त्याला किरण द्यायचे. मी स्तन राहू दिला.

तुझा बाप चवताळला. "दिसत नाही तर भाजून काय घेतेस? नाटकं सगळी!" ऑपरेशन होऊन मी घरी आले, त्या दुपारी भात करपला. त्याने मला त्याच हाताला धरून फरफटवलं. टाके उसवले, जखमेत बसवलेली नळी उपटून आली. रक्त वाहत असताना त्याने लाथ घातली, तीही नेमकी तिथेच. किमचीच्या रांजणाचं झाकण हाती लागलं. ते मी त्याच्या तोंडावर हाणलं. पुन्हा हाणलं. दात फरशीवर सांडले. आणखी एकदा उचललं, तेव्हा शेजारच्या ओकजूने मला मागून कवळ घातली. "ताई, बास! हा मेला तर तू आत जाशील!"

त्याची कीव आली नाही, पोरी.

कोर्टाने त्याला माझ्याजवळ फिरकायला बंदी केली आहे. टाके पुन्हा घातले, औषधं झाली, किरणही झाले. केस उगवताहेत, पांढरेशुभ्र. परवाच्या तपासणीत कुठेच काही नव्हतं.

पण रक्ताच्या तपासणीत एक आनुवंशिक दोष निघाला. तो माझ्या आईकडून मला आला, माझ्याकडून तुला आला असेल. म्हणून हे पत्र. रडू नकोस, दवाखान्यात जा, रक्त तपासून घे. छातीचा फोटो स्वच्छ आहे म्हणून तुला घरी पाठवू लागले, तर खुर्चीवरून हलू नकोस. सांग, "माझ्या आईचाही स्वच्छच होता." मग हात वर कर आणि म्हण, "आधी काख बघा."

तुझीच,
आई